मुले घरी नसतात तेव्हाची आई

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या कादंबरीची नायिका ५४ वर्षांची आहे. ती नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, तिचे माहेर निफाड तालुक्यातले आहे, आणि वडिलांच्या पश्चात भावाने तिच्यापुढे जमिनीतल्या तिच्या वाट्याचे हक्कसोडपत्र ठेवले आहे. सही करायची की नाही, एवढाच कादंबरीचा विषय. हस्तलिखित वाचणाऱ्या तिघांनीही आपल्याला एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे आई पानोपानी आहे, पण गोष्ट तिची वाटत नाही, लक्षात राहतात ती मुलगा आणि मुलगी. एकाने तर मुलालाच नायक करा असे सुचवले. आईला मुख्य पात्र केलेले मराठी वाचकाला रुचत नाही, की लिहिण्यातच काही चुकते आहे, असे आपण विचारले आहे.

वाचकाला रुचत नाही हे मी मान्य करणार नाही. ज्या भाषेत आईवरचे एक पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाचले गेले, त्या भाषेच्या वाचकावर हा आरोप टिकत नाही. चुकते आहे ते लिहिण्यात, आणि ते कुठे, हे आपण पाठवलेल्या साठ पानांत दिसते. त्या साठ पानांत अशी एकही जागा नाही, जिथे नायिका काहीतरी करते आहे किंवा मनात योजते आहे आणि ते तिच्या मुलांपैकी कोणालाच ठाऊक नाही. मुलगा पुण्याहून येतो तेव्हा प्रकरण सुरू होते आणि तो परत जातो तेव्हा संपते. मुलीचा फोन येतो, मग आई खिडकीपाशी जाऊन बसते. म्हणजे निवेदन तृतीयपुरुषी असले, तरी डोळे मुलांचेच आहेत. आई मुख्य पात्र होण्यासाठी मुलांना ठाऊक नसलेली आई वाचकाला ठाऊक असावी लागते. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. तो कसा साधायचा, हे जरा सविस्तर लिहितो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी दीर्घकथा आली होती आणि ती उघडउघड माझ्या आईवर होती. पहाटे नळाला येणारे पाणी, पाहुण्यांची वर्दळ, शाळेच्या फीसाठी मोडलेली बांगडी, असे सगळे त्यात होते आणि लोकांनी पत्रे पाठवून कौतुकही केले होते. आईने एका दुपारी ती सलग वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, ‘‘चांगली झाली आहे. पण त्या वर्षी मी टायपिंगच्या परीक्षेला बसले होते, ते कुठे आहे?’’ मला त्याचा पत्ताच नव्हता. आम्ही भावंडे शाळेत असताना ती रविवार कारंज्याजवळच्या एका टंकलेखनाच्या वर्गाला जात होती, मराठी तीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झाली होती, आणि ते प्रमाणपत्र तिने कपाटातल्या खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरळ करून ठेवले होते. पुढे नोकरी का केली नाही, असे मी विचारले तेव्हा तिने मला चहा घेणार का, असे विचारले. माझ्या कथेतील बांगडी खरी होती, पाणी खरे होते. पण गोष्ट त्या टंकलेखन यंत्रापाशी होती आणि मी त्या वेळी शाळेत होतो.

आपण नाशिकच्या आहात म्हणून आपल्याच गावातील उदाहरणांनी हा मुद्दा पुढे नेतो, कारण योगायोगाने मराठीतील आईवडिलांच्या काही मोठ्या गोष्टी याच गावाशी बांधलेल्या आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बराचसा भाग नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला. वसंत कानेटकर नाशिकला प्राध्यापक होते आणि त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली रंगभूमीवर आले. त्यातला शिवाजी राजा आहेच, पण नाटकाची कळ तो बाप आहे यात आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० चे. ही तीन शीर्षके एकाखाली एक लिहून पाहावीत. एका बापाचा गड शीर्षकात आहे, दुसऱ्या बापाचा व्यवसाय शीर्षकात आहे, आणि आईच्या वाट्याला तिच्या मुलाचे नाव आणि षष्ठीचा प्रत्यय आला आहे. साने गुरुजींना मी दोष देत नाही. मुलाच्या कृतज्ञतेचे ते पुस्तक आहे आणि त्याचे नाव त्याला शोभते. पण कादंबरीकाराने यातून एक गोष्ट उचलावी. ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर बाप म्हणून उद्ध्वस्त होतात, कारण त्याआधी ते नट म्हणून उभे असतात. त्यांच्याजवळ हरवण्यासारखे काहीतरी आहे जे त्यांच्या मुलांनी दिलेले नाही. आपल्या नायिकेजवळ असे काय आहे, हे साठ पानांनंतरही मला सांगता येत नाही.

‘श्यामची आई’ कृतज्ञतेचे पुस्तक असले, तरी ते आपल्याला वाटते तेवढे एकरंगी नाही, आणि ते पुन्हा वाचताना मी विद्यार्थ्यांना एक खूण करायला सांगतो. श्याम प्रत्यक्ष हजर असलेले प्रसंग आणि तो हजर नसलेले प्रसंग वेगळे काढा. पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनाबद्दल बोलणारी आई ही श्यामने पाहिलेली आई आहे. ती आपल्या सर्वांना पाठ आहे. पण सावकाराचा माणूस तगाद्याला दाराशी येतो आणि तोंडाला येईल ते बोलतो, तेव्हा उसळून उठणारी यशोदा ही कोणाची आई म्हणून बोलत नाही, ती त्या घराची मालकीण म्हणून बोलते. आणि तिचा मृत्यू तर श्यामच्या गैरहजेरीत होतो. तो पोहोचतो तेव्हा सगळे संपलेले असते. साने गुरुजींनी ते शेवटचे दिवस मुलगा तिथे नसतानाही लिहिले. माझ्या मते त्या पुस्तकातील सर्वांत समर्थ पाने ती आहेत. श्याम शेजारी नसल्यामुळे तिथे आईला शिकवण देण्याचे काम उरत नाही, तिला फक्त दुखणे सोसायचे असते आणि मागे काय राहते आहे ते मोजायचे असते.

‘नटसम्राट’बद्दलही एक निरीक्षण नोंदवतो. या नाटकामागे शेक्सपिअरचा लिअर आहे हे सर्वज्ञात आहे. पण मूळ नाटकात लिअरची राणी रंगमंचावर नाही. शिरवाडकरांनी आपल्या राजाला बायको दिली. ज्यांना बेलवलकर ‘सरकार’ म्हणतात, त्या कावेरीला सगळे आधी दिसते, मालमत्ता वाटून टाकण्यातला धोका दिसतो, मुलांचे बदलणारे चेहरे दिसतात. तरीही तिचे दिसणे नाटकाला पुढे नेत नाही, कारण निर्णय तिचा नाही. निर्णय घेणारा तो, परिणाम भोगणारे दोघे. माझ्या कार्यशाळेत मी अनेकदा एक काम देतो. वाटणीच्या आदल्या रात्री कावेरी एकटी जागी आहे, तेवढी चार पाने लिहा. बेलवलकर झोपलेले हवेत आणि मुले त्या खोलीत नकोत. पहिल्या प्रयत्नात दहापैकी आठजण तिला मुलांच्या बालपणाच्या आठवणी काढायला लावतात. ज्यांना जमते ते तिला हिशेब करायला लावतात, किती रक्कम आहे, त्यातली आपल्या नावावर किती, आणि नको म्हणायचे तर कोणत्या शब्दांत.

आई स्वतःच्या तोंडाने बोलू लागली तर काय होते, हे पाहायचे असेल तर ‘स्मृतिचित्रे’ हाताशी ठेवावे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, त्यांचे अखेरचे दिवसही नाशिकलाच गेले, आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे तुरुंगात एक मुलगा आईबद्दल लिहितो त्याच्या पुढच्याच वर्षी एक आई स्वतःबद्दल लिहिलेले छापते. ते आत्मचरित्र आहे, कल्पित साहित्य नव्हे, हे खरे; परंतु आईच्या आवाजाचा अभ्यास करायला मराठीत त्याहून चांगले पुस्तक मला ठाऊक नाही. लक्ष्मीबाई स्वतःला हसतात. स्वतःचे अज्ञान, स्वतःची भीती, स्वतःचा हट्ट त्या उघड्यावर मांडतात. आपल्या नायिकेला साठ पानांत एकदाही हसू आलेले नाही, निदान कोणाच्या फजितीवर तर नाहीच. पूज्य व्यक्ती विनोदी असू शकत नाही अशी आपली काहीतरी समजूत असावी. माझ्या आईच्या पिढीच्या बायका आपल्या दिरांच्या चालण्याच्या ज्या नकला करत, त्या मुलांनी पाहू नयेत म्हणून दार लोटून घेत असत.

दुसऱ्या टोकाला बाबूराव बागूल आहेत. तेही याच जिल्ह्यातले, विहितगावचे. त्यांची ‘आई’ ही कथा वर्गात सुरू होते. आईच्या थोरवीची कविता शिकवली जाते आहे, आणि ऐकणाऱ्या मुलाची आई त्या कवितेत बसत नाही. ती तरुण आहे, विधवा आहे, मजुरी करते, लोक तिच्याबद्दल बोलतात, आणि तिला शरीर आहे. आईच्या इच्छेचा आणि मुलाच्या हक्काचा संघर्ष इतका निर्दयपणे मराठीत क्वचितच मांडला गेला असेल. ती कथा वाचल्यावर ‘आई म्हटली की वाचकाची सहानुभूती आपोआप मिळते’ या आधारावर पुन्हा काही लिहिता येत नाही. आपण त्या आधारावर लिहिले आहे, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

आता भाषेकडे येतो, कारण मराठीत हा प्रश्न व्याकरणापासूनच सुरू होतो. आपल्या हस्तलिखितात निवेदक नायिकेला सर्वत्र ‘आई’ म्हणतो: ‘आईने दार उघडले’, ‘आईला वाटले’. ज्या क्षणी निवेदकाने ‘आई’ म्हटले, त्या क्षणी वाचक तिचे मूल होतो आणि मुलाच्या जागेवरून तो उठू शकत नाही. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी, की आपल्या बहुतेक घरांत ‘बाबा आले’ आणि ‘आई आली’ असे बोलतात. वडिलांना आदरार्थी बहुवचन, आईला एकवचन. त्या एकवचनात जवळीक आहे हे मलाही मान्य आहे. पण कादंबरीत ते तीनशे पाने चालले की वडील हे एक व्यक्ती वाटू लागतात आणि आई ही घरातली एक सोय वाटू लागते. निवेदनात तिला तिच्या शुभांगी या नावाने लिहावे. ‘शुभांगी आली’ असे लिहायचे की ‘शुभांगीताई आल्या’ असे, हा निवेदकाचा निर्णय आहे, पण तो एकदा घेऊन शेवटपर्यंत पाळावा. मुलांच्या संवादात ती ‘आई’ राहीलच, जावा तिला ‘वहिनी’ म्हणतील, सोसायटीतल्या मुली ‘काकू’ म्हणतील, माहेरी ती ‘अक्का’ असेल; आणि ती एकटी असताना स्वतःला काय म्हणते हे फक्त वाचकाला कळेल.

या बाबतीत आपल्या विषयात एक खजिना दडलेला आहे आणि तो आपण एका ओळीत संपवला आहे. आपली नायिका माहेरची मंदा आणि सासरची शुभांगी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, एवढे आपण सांगता आणि पुढे जाता. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मंदा आहे, आधार कार्डावर शुभांगी आहे, वडिलांच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर जी वारसनोंद झाली तिच्यात तलाठ्याने यांपैकी एक नाव लिहिलेले असणार. अशा वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. ५४ वर्षांची बाई कोर्टाच्या आवारात टंकलेखकाच्या टेबलाशेजारी उभी आहे आणि ‘मंदा व शुभांगी ही एकच व्यक्ती असून ती मीच आहे’ असे सत्यकथन तिला करायचे आहे. हा प्रसंग मुलांना सोबत न देता लिहा. त्यावर भाष्य करू नका. कागदाचा आकार, मुद्रांकाची किंमत, टंकलेखकाने विचारलेले प्रश्न आणि रांगेतल्या मागच्या माणसाची घाई, एवढेच लिहा.

कायद्याची पार्श्वभूमीही आपण गुळगुळीत ठेवली आहे, ती जरा खरखरीत करावी. महाराष्ट्राने वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती १९९४ साली केली, पण ती लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. केंद्राची दुरुस्ती २००५ ची. तिच्यात हा लग्नाचा अडसर राहिला नाही. आपल्या नायिकेचे लग्न आपण १९९२ चे दाखवले आहे. म्हणजे ती माहेर सोडून गेली तेव्हा तिला हक्क नव्हता, दोन वर्षांनी तो धाकट्या बिनलग्नाच्या बहिणीला मिळाला, आणि तिला तो मिळेपर्यंत तिची दोन्ही मुले शाळेत जाऊ लागली होती. दोघी बहिणींमध्ये या अकरा वर्षांत काय झाले असेल? कादंबरीत धाकटी बहीण आहे, पण ती फक्त फोनवर रडते. तिला नायिकेसमोर आणून बसवा. दोघींचे भांडण जमिनीवरून सुरू होईल आणि कुठल्या तरी साडीवर जाऊन पोहोचेल, आणि त्या भांडणात आपल्याला पहिल्यांदाच अशी नायिका दिसेल जी कोणाची तरी मोठी बहीण आहे, चिडखोर आहे आणि थोडीशी अन्यायी आहे.

भावाला आपण खलनायक केले आहे. त्याची गरज नाही, आणि त्याने नायिकेचेच नुकसान होते. समोरचा दुष्ट असला की तिला फक्त सोसायचे उरते. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला बहिणीची सही कशासाठी हवी असते, याची अगदी साधी कारणे असतात. उताऱ्यावर सामाईक नावे असली की कर्जप्रकरणात बँक सगळ्यांच्या सह्या मागते. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलेली असते, तिच्या आत औषधांचे, मजुरीचे पैसे उभे करायचे असतात. विरळणीला आणि डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवण्याला, पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांना उचल द्यायची असते. भाऊ दर सहीला बहिणीकडे नाशिकला खेटे घालून थकलेला असू शकतो. तो राखी पौर्णिमेला येतो तो सहीसाठी येतो की राखीसाठी, हे त्यालाही नीट सांगता येत नसेल. असा भाऊ असेल तर तिचा निर्णय अवघड होतो, आणि अवघड निर्णय घेणारीच व्यक्ती मुख्य पात्र होते.

येथे मुलांचा प्रश्न येतो, आणि अनेक लेखक येथे पळवाट शोधतात. आईला मोकळे करायचे म्हणून मुलांना मारून टाकतात, परदेशी पाठवतात किंवा कृतघ्न करून टाकतात. महाश्वेतादेवींच्या ‘हजार चौऱ्याऐंशीची आई’मध्ये मुलगा मेलेला आहे, हे खरे, पण तिथे मृत्यू ही पळवाट नाही. सुजाता बँकेत नोकरी करणारी, घरात गप्प असणारी स्त्री आहे, आणि एका दिवसाच्या अवधीत तिला उमजत जाते की आपल्याच मुलाला आपण ओळखत नव्हतो. शीर्षकात पुन्हा तोच षष्ठीचा प्रत्यय आहे, फक्त मुलाच्या नावाऐवजी प्रेताचा क्रमांक आहे, आणि म्हणून तो प्रत्यय बोचतो. आशापूर्णादेवींच्या ‘प्रथम प्रतिश्रुती’तील सत्यवतीचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. आपल्याला न कळवता आपल्या लहान मुलीचे लग्न लावून दिले, हे कळल्यावर ती घर सोडून निघून जाते. मुलीसाठीच उचललेले ते पाऊल मुलीलाही आईवाचून ठेवते. आईच्या निर्णयाची किंमत मुलाला द्यावी लागते आणि तरीही वाचक तिच्याबरोबर चालत राहतो, हे ज्या लेखकाला साधते त्याला आई लिहिता येते, असे मी मानतो. एस. एल. भैरप्पांच्या ‘गृहभंग’मधली नंजम्मा नवऱ्याच्या वाट्याचे शानभोगाचे, म्हणजे गावच्या कुलकर्ण्याचे, हिशेब स्वतः लिहिते, दुःखांनी भरलेल्या त्या कादंबरीत ती कधी केविलवाणी होत नाही, याचे मोठे श्रेय मी त्या हिशेबाच्या वह्यांना देतो. तिच्या हाताला असे काम आहे जे तिला येते आणि इतरांना येत नाही.

नायिकेने हक्क सोडू नये म्हणून तिच्या मुलाने तिच्यावर दडपण आणायचे, हे आपण बरोबर योजले आहे, कारण त्याला पुण्यात घर घ्यायचे आहे. पण या दडपणाला तिचे उत्तर नेहमी डोळ्यांतले पाणी हेच आहे. तिला स्वतःला ती जमीन हवी आहे का? कशासाठी? ती विकण्यासाठी, की विहिरीजवळचा एक तुकडा नुसता आपल्या नावावर असावा म्हणून, की भावाने एकदा तरी ‘तुला काय वाटतं’ असे विचारावे म्हणून? याचे उत्तर फार उदात्त असू नये. ‘स्वतःची ओळख’ असे तर मुळीच नसावे. तो शब्द पुस्तकाच्या मलपृष्ठावर ठीक आहे, बाईच्या मनात तो नसतो. तिला बागेच्या बांधावर उभे राहून मजुरांना ओरडायचे असेल, लहानपणी वडील ओरडत तसे, आणि एवढ्यासाठी ती दोन घरांशी वैर घ्यायला तयार असेल, तर मी ती कादंबरी एका बैठकीत वाचेन.

लहान मुलांच्या आयांबद्दल लिहिताना वेळेचा प्रश्न फार बिकट असतो; पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारी आई सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला असते, तेव्हा मूल कोणाजवळ आहे हे सांगितल्याशिवाय लेखकाला तिचा एक संवादही लिहिता येत नाही. आपली नायिका त्यातून सुटली आहे. तिच्या वाट्याला मोबाइल आला आहे. तिचा प्रत्येक विचार फोनने तुटतो आणि आपण दर वेळी फोनच्या मागे जाता. तुटू द्यावा, खऱ्या घरातही तो तुटतोच. परंतु फोन ठेवल्यावर विचार जिथे तुटला तिथूनच पुढे सुरू करावा, मधले संभाषण जणू भाजीला फोडणी घालण्याइतकेच आडवे आले होते. दोन-तीनदा असे केले की वाचक फोन संपण्याची वाट पाहू लागतो. जात्यावरची ओवी पहाटे गायली जात होती ती मुले झोपलेली असताना. भावाबद्दलचे, सासरबद्दलचे, स्वतःच्या देहाबद्दलचे बोलणे बायकांनी त्याच वेळात बसवले. आपल्या नायिकेची अशी वेळ कोणती, हे ठरवून घ्या. माझा अंदाज आहे की ती निफाडला जाणाऱ्या एसटीत असेल.

शब्दांविषयी एक तक्रार करून घेतो. वात्सल्य, माया, पदर, ऊब, घास आणि ओलावलेल्या कडा हे शब्द आपण पुढच्या खर्ड्यापुरते बाजूला ठेवावेत. हे शब्द वाईट नाहीत, पण ते लेखकाचे काम स्वतः करून टाकतात आणि लेखक आळशी होतो. आईचे प्रेम लिहू नका असे मी म्हणत नाही. मुलाने घरासाठी मागितलेल्या रकमेचा आकडा ती दूधवाल्याच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवते आणि दर महिन्याला पान फाडताना पुढच्या पानावर उतरवते, एवढे लिहिले तर प्रेमाचा शब्द लागणार नाही.

सुरुवात बदला. मुलाच्या येण्याने नव्हे, तर ती एकटी एसटीत बसते तिथून पहिले प्रकरण सुरू होऊ द्या. शेजारची बाई विचारेल, ‘‘लेकीकडे चाललात का?’’ आणि ती ‘हो’ म्हणेल, कारण या वयाची बाई एकटी कुठे जाते याचे दुसरे उत्तर देणे लांबलचक होईल. कादंबरीतले तिचे हे पहिले खोटे आणि ते फक्त वाचकाला ठाऊक आहे. पिंपळगावपाशी मुलाचा फोन येईल. ती तो पाहील आणि पर्समध्ये ठेवेल. मी निफाडऐवजी तिला पिंपळगावच्या गाडीत का बसवले, असे आपण मला विचाराल. तर सही करायच्या दिवशी ती मुद्दाम चुकीच्या गाडीत बसली, हे मला आपल्या कादंबरीत नसलेले पण असावे असे वाटलेले प्रकरण आहे. नको असल्यास सोडून द्यावे.

राहिला शेवट. आपण तो मोकळा ठेवला आहे, पेन हातात आहे आणि कादंबरी संपते. हे मला पटत नाही. तीनशे पाने वाचकाने त्या पेनाची वाट पाहिली आहे आणि तिने सही केली की नाही हे त्याला कळलेच पाहिजे, नाहीतर शेवटचा निर्णय आपण पुन्हा तिच्याकडून काढून घेतला असे होईल. तिला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेऊन जे करायचे ते करू द्या, आणि घरी येऊन तिने कोणाला काही सांगू नये. मुलांना ते आठवडाभराने मामाकडून कळावे. मुलगा फोनवर ‘‘मला का नाही सांगितलंस?’’ असे विचारेल, तेव्हा ती काय उत्तर देते ते आपण ठरवा. मात्र त्या वेळी तिच्या हातात दुसरे कुठले तरी काम असू द्या, आणि ते अर्धवट टाकून ती फोन घेते आहे असे दाखवू नका.